दप्तरातला दुसरा फोन

मुलाचा फोन टेबलावर होता आणि थरथर आली दप्तरातून.

टेबलावरचा फोन आईने पुरावा म्हणून आणला होता. मुलगा सोळा वर्षांचा. रोज संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयात अभ्यासाला जातो असं घरी सांगायचा. आईच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्याचा ठिपकाही बरोबर वाचनालयावरच दिसायचा. पण तिथल्या बाई म्हणत होत्या की तो कित्येक दिवसांत फिरकलेलाच नाही. हे कोडं घेऊन आईवडील त्याला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आले होते आणि दप्तर थरथरलं तेव्हा ते सगळ्यांसमोरच सुटलं. घरच्यांना माहीत असलेला फोन मित्राच्या दप्तरातून वाचनालयात जायचा. मुलाकडे दुसरा, जुना फोन असायचा.

आईचा हात दप्तराच्या चेनकडे गेला. मी म्हटलं, "दप्तर त्याच्याकडेच राहू द्या. आधी मी त्याच्या एकट्याशी बोलते." इतका वेळ गप्प बसलेले बाबा म्हणाले, "आता बोलायचं काय राहिलंय?"

बरंच राहिलं होतं. लपवाछपवी उघडी पडते तेव्हा फोनमध्ये काय आहे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, या मुलाला आज कोणापासून, किंवा त्याच्या स्वतःपासूनच, धोका आहे का? आईवडिलांसमोर विचारून त्याचं खरं उत्तर मिळत नाही, म्हणून त्यांना बाहेर बसवायचं. मात्र त्याआधी तिघांच्या देखत सांगायचं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, अपवाद तीनच: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा कोणी मुलाशी गैरवर्तन करत असेल तर. हे आधी सांगितलं नाही आणि पुढे वेळ आली, तर मुलाला आपली फसवणूक झाली असं वाटतं आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही.

मग आडवळण न घेता विचारायचं. कोणी धमकावतंय का? पैसे किंवा फोटो मागतंय का? दारू, सिगारेट, गोळ्या, काही घेतोस का? जगणं नकोसं वाटतं का? शेवटचा प्रश्न विचारायला पालक, आणि शिक्षकसुद्धा, फार कचरतात. विचारलं तर तेच मुलाच्या डोक्यात भरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट सरळ विचारणारं कोणी भेटलं की मनातलं बोलणं सोपं जातं.

सगळ्याला उत्तर "नाही" आलं, आणि ते देताना तो नजर चुकवत नव्हता. "मग सहा ते आठ काय करतोस?"

"मित्राच्या गच्चीवर असतो."

"तिथे काय करता?"

"काहीच नाही. बसतो."

आईवडिलांना आत बोलावल्यावर हे त्याने स्वतःच सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच?" तिच्या आवाजात हायसं वाटण्यापेक्षा वैताग जास्त होता. काही आठवडे तिने मनाची तयारी केली होती ती कसल्या कसल्या भयंकर गोष्टींची. "मग घरी सांगायला काय झालं होतं?" त्यावर मुलगा म्हणाला, "सांगितलं असतं तर कोण कोण असतं ते विचारलं असतंस. मग त्यांच्या आयांना फोन केले असतेस." आई गप्प बसली. तिने तसं आधी एकदा केलेलं होतं.

होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुलं कुठे जातात, कोणासोबत असतात याची चांगली माहिती असलेल्या पालकांना ती मिळते कुठून, हे त्यांनी तपासलं. विचारपूस आणि नियम यांचा वाटा थोडा निघाला. बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती. या घरात नेमकं उलटं झालं होतं. ठिपका चोवीस तास दिसत होता, पण मुलगा काही सांगेनासा झाला होता.

बाबांचं म्हणणं स्पष्ट होतं. "आधी त्याने विश्वास कमवावा, मग मोकळीक." ऐकायला अगदी रास्त. अडचण एवढीच, की ज्याच्या हाती काही सोपवलेलंच नाही त्याने विश्वास कमवायचा कशावर? थोडा विश्वास आगाऊ टाकावा लागतो, आणि तो बुडाला तर परवडेल अशाच जागी टाकायचा असतो. काय सोपवावं हे ठरवताना एक प्रश्न उपयोगी पडतो: हे बिघडलं तर आठवडाभरात निस्तरता येईल का? गृहपाठ राहणं, उशीर होणं, खर्चाचे पैसे संपणं निस्तरता येतं. भरधाव गाडी, अनोळखी माणसाला पाठवलेला फोटो, दुसऱ्याच्या नावावरचं कर्ज यांना तो नियम लावायचा नाही.

मग कार्डं काढली. एका कार्डावर एक काम किंवा एक निर्णय, असं तिघांनी मिळून लिहिलं. सकाळी उठणं, कपडे धुणं, खर्चाचे पैसे, डॉक्टरांची वेळ घेणं, केस, खोलीतला पसारा, रात्री घरी यायची वेळ, हेल्मेट, मित्र, अभ्यासाचे तास. त्यांचे तीन गठ्ठे केले. पहिला सुरक्षेचा, त्यात चर्चा नाही. दुसरा बोलून ठरवण्याचा. तिसरा पूर्णपणे मुलाचा, तिथे पालकांनी मत द्यायचं ते विचारलं तरच. पहिल्या फेरीत आईने जवळजवळ सगळी कार्डं सुरक्षेत टाकली. केससुद्धा! सुरक्षेच्या गठ्ठ्यात पाचच कार्डं राहतील असं सांगितल्यावर खरी निवड सुरू झाली. पाचाची मर्यादा सोयीसाठी आहे, शास्त्राने सांगितलेली नाही. पण चाळीस नियमांपैकी कुठला मोडला तर जिवावर बेतेल, हे मुलाला कळायचं कसं?

ठिपक्याचं ॲप दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं. ठरलं असं: रात्री उशिराच्या प्रवासात तिघांनीही, म्हणजे आईबाबांनीसुद्धा, आपला ठावठिकाणा दाखवायचा, बाकी वेळी कोणीच नाही, आणि दोन महिन्यांनी यावर पुन्हा बोलायचं. दुसरा फोन मित्राचा होता, तो परत करायचं काम मुलाकडेच ठेवलं. बाबांना तो जप्त करायचा होता. पण जप्त केलेल्या फोनच्या जागी तिसरा येतो, हे त्यांनाही पटलं.

एकदम सगळं सोपवायचं नाही. पहिल्या टप्प्यात दोनच कार्डं: सकाळी उठणं आणि आठवड्याचे खर्चाचे पैसे. प्रत्येक कामाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी आपण करताना त्याने पाहायचं, मग दोघांनी मिळून, मग त्याने करायचं आणि आपण जवळ असायचं, मग त्याने करून नंतर सांगायचं, आणि शेवटी आपण विचारायचंही नाही. बहुतेक घरं पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मूल तोंडघशी पडलं की पुन्हा पहिलीवर येतात. घसरण झाली तर एकच पायरी खाली यायचं.

उठण्याची गोष्ट जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण घरोघरी तीच अडते. या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकतं. मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे दहाला झोप येत नाही आणि सहाला उघडत नाही. तेरा ते अठरा वयात झोप मात्र आठ ते दहा तास लागते. तेव्हा हा आळस नाही, पण म्हणून शाळेची वेळही बदलत नाही. या घरात ठरलं की गजराचं साधं घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, सगळ्यांचे फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे (यावर सर्वांत जास्त कुरकुर बाबांनी केली), आणि आईने एकदाही हाक मारायची नाही. उशीर झाला तर चिठ्ठी लिहून द्यायची नाही, आणि गाडीवर सोडायचंही नाही. वर्गशिक्षकांना आधीच कल्पना देऊन ठेवली.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी गजर वाजून बंद झाला आणि मुलगा पुन्हा झोपला. आई दाराबाहेर उभी. बाबांनी गाडीची किल्ली हातात घेतलेली. हीच ती वेळ. त्या दिवशी हाक मारली असती तर मुलाने धडा घेतला असता की शेवटच्या क्षणी कोणीतरी येतंच. कधी उठवायचं, कधी नाही, असं केलं तर सवय सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो, रोज उठवण्यापेक्षाही जास्त. एखादी मदत बंद केली की सुरुवातीला प्रकार आधीपेक्षा वाढतो, चिडचिड होते, "तुम्हाला माझं काही पडलेलंच नाही" वगैरे ऐकून घ्यावं लागतं, आणि नेमक्या त्या चढावर बहुतेक पालक हात टेकतात. या दोघांनी टेकले नाहीत, पण बाबांनी किल्ली खिशात ठेवायला किती वेळ घेतला ते आईने नंतर हसत सांगितलं. मुलगा तासभर उशिरा गेला, कारण स्वतःच दिलं आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी त्यावर एक अक्षरही बोलायचं नव्हतं. "सांगत होते ना मी" हे वाक्य एकदा उच्चारलं की मुलाचं लक्ष उशिरावरून उडतं आणि भांडणावर जातं.

पैशांचं कार्ड सोपं गेलं. पहिल्या आठवड्याचे पैसे दोन दिवसांत उडाले, उरलेले दिवस कोरडे गेले, मधे उसने द्यायचे नव्हते. त्यानंतर तो हिशेब लिहायला लागला असं मुळीच नाही, पण पैसे पुरायला लागले.

आईसाठी वेगळं काम होतं: संध्याकाळपासून झोपेपर्यंत मुलाशी बोललेलं प्रत्येक वाक्य वहीत टिपायचं. वहीचं पान भरून आलं ते असं: झालं का? कधी करणार? हे इथेच पडलंय. जेवलास? उद्याचं भरलंस? कोणाचा फोन होता? एक "जेवलास" सोडला तर सगळा तगादाच, अर्ध्याहून अधिक प्रश्नाच्या वेषातला. तिने वाचून वही मिटली आणि म्हणाली, "मीसुद्धा उत्तर दिलं नसतं."

तगादा बंद करायचा तर त्याला दुसरी जागा हवी. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून वीस मिनिटांची बैठक. सुरुवात मुलाने करायची, आधी काय जमलं ते, मग काय अडलं ते. विषय जास्तीत जास्त तीन, मार्कांवर चर्चा नाही, वीस मिनिटांनी उठायचं. मधल्या दिवसांत आठवलेलं कागदावर लिहून बैठकीपर्यंत थांबायचं. यातलं निम्मं तोवर आपोआप मार्गी लागलेलं असतं. या बैठकीचं कोर्ट होऊ लागलं की ती बिघडते. दुसऱ्याच वेळी बाबा जुनी प्रकरणं काढू लागले, तेव्हा मुलगा उठून गेला. पुढच्या वेळेपासून नियम आला: मागच्या बैठकीच्या आधीचं काहीही उकरायचं नाही.

चुकीचा परिणामही आधी सांगितलेला, चुकीशी जोडलेला आणि छोटा हवा. अर्धा तास उशिरा आला तर पुढच्या वेळी अर्धा तास लवकर यायचं. "महिनाभर बाहेर पाय टाकायचा नाही" अशी शिक्षा दिली की दुसऱ्या दिवसापासून मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही आणि पालकांना महिनाभर पहारा द्यावा लागतो.

मित्रांसोबत असताना या वयातली मुलं जास्त धोका पत्करतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या खेळातून ते दाखवलं होतं. त्यासाठी या घरात एक खूण ठरवली. मुलाने एक ठरावीक निरर्थक शब्द मेसेज केला की घरून फोन जाणार, "ताबडतोब ये, काम आहे." मित्रांपुढे कमीपणा नाही, आणि त्या रात्री एकही प्रश्न नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

खूण वापरावी लागली नाही. त्याऐवजी एका संध्याकाळी आई कामात असताना मुलगा दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, एक जण माझ्या खात्याचा पासवर्ड मागतोय, नाही दिला तर माझा एक व्हिडिओ सगळ्यांना पाठवीन म्हणतोय. यासाठी आईने पहिलं वाक्य आधीपासून घोकून ठेवलेलं होतं: "सांगितलंस ते बरं केलंस." त्यानंतर तीन गोष्टी: काही पाठवलंयस का, मेसेज अजून आहेत का, आणि आता मी काय करायला हवंय तुला? मेसेज पुसायचे नाहीत, आहेत त्यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मागणी पुरी करायची नाही, त्याला ब्लॉक करून तक्रार करायची. हे सगळं दोघांनी मिळून केलं. व्हिडिओ कसला होता हे तिने विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यानेच सांगितलं. मित्रांसोबत केलेली नक्कल होती, एका शिक्षकांची.

अलीकडच्या भेटीला मुलाने स्वतःच नवं कार्ड लिहून आणलं: मित्रांसोबत दोन दिवसांची सहल. आई तयार, बाबा नाहीत. ते एक कार्ड फाडून आम्ही पाच केली: कोण कोण, जायचं-यायचं कसं, झोपायचं कुठे, कोणी आजारी पडलं तर काय, फोन लागला नाही तर किती वाजेपर्यंत थांबायचं. पाचांपैकी चारांवर एकमत झालं. गाडी कोण चालवणार यावर बाबा अडून आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण चालवणाऱ्याला परवाना मिळून महिनाही झालेला नाही. मुलगा आता बसच्या वेळा पाहून येणार आहे.