सोमवारची तांबोशी

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या माणसाने सहकुटुंब सुट्टी कुठे घालवायची, हे काही वर्षांनी एकदा देवच ठरवून देतो. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर. माणसं तर जातातच; गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड बरोबर. कोणी चिंदरच्या बाजूला, कोणी वायंगणीकडे, कोणी खाडीकाठी राहुट्या ठोकतं. तेवढे दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गावपळण म्हटली की बाहेरच्यांना भुताखेतांच्या गोष्टी हव्या असतात. त्या रात्री शेकोटीपाशी होतातही, पण खरी गंमत दिवसाची. गणपतीत आरत्या, नैवेद्य, पाहुणे यांत जीव जातो. पळणीत काम म्हणून काही नसतंच. डोंबिवलीहून आम्ही तिघं, दादा-वहिनी, भाची, सगळे एका ताडपत्रीखाली आणि आईच्या हुकमाखाली. पत्ते, भजन, उकडा भात आणि भांडणं. महाबळेश्वरला पैसे मोजून एवढं भांडता आलं नसतं.

मागच्या पळणीत सामानात सगळ्यात अवघड नग होता तात्या. आमचा बोका. करडं अंग आणि पांढऱ्या भरघोस मिशा, त्यावरून नाव पडलं. वहिनीने त्याला झाकणाच्या करंडीत घातलं, वरून सुतळी आवळली, आणि घरापासून खाडीपर्यंत त्याने असा काही आक्रोश केला की वाटेतली माणसं थांबून आत काय आहे ते विचारत होती. राहुटीत सोडल्यावर मात्र महाशय दोन मिनिटांत आईच्या अंथरुणावर. ही जागा आपणच पसंत केली होती, असा चेहरा.

या श्रावणात तात्या गेला. वय झालं होतं, मूत्रपिंडं थकली होती, शेवटी पाण्याच्या वाटीपाशीच बसून असायचा. दादाने परसातल्या माडाखाली पुरलं. आईने फोनवर आधी पावसाची, मग गॅसच्या सिलिंडरची चौकशी केली आणि मग म्हणाली, "तात्या गेलो." फोन स्पीकरवर होता. माझ्या नवऱ्याचे कुडाळला राहणारे एक सख्खे काका आहेत, त्यांनाही तात्याच म्हणतात. तो पायजम्यावरच कपाट उघडून बॅग शोधायला लागला. खुलासा झाल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसला, आणि मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही. मांजर गेलं म्हणून ऑफिसात रजा मागता येत नाही, आणि भेटायलाही कोणी येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची सात चाळीस पकडायची.

आता मुद्द्याचं, म्हणजे गरवायचं, गरीने (गळाने) मासे धरायचं. लग्नाआधी मी माझ्या काकांबरोबर जेटीवर गरी टाकून बसायची. बाईमाणूस गरवतं म्हणून लोक बघायचे, काका बघणाऱ्यांकडे बघायचे. डोंबिवलीत गरी टाकावी असं पाणी नाही, तेव्हा ते सुटलं. यंदा पळणीसाठी माळ्यावरून ताडपत्री काढताना काकांचं लाकडाला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे गरीची दोरी, हाती लागलं. ताणून बघितलं तर तुटलं. नायलॉन इतकी वर्षं टिकत नाही. शिसं मात्र जसंच्या तसं. बाजार बंद होण्याआधी नवं तंगूस आणि गऱ्या आणल्या, कोळणीकडून आमिषाला वाटाभर सुंगटं (कोळंबी) घेतली.

गरवण्यात अर्धी अक्कल पाण्याची वेळ काढण्यात असते. काका तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं मागे पडतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, त्याचा हा घरगुती हिशोब. पळण निघाली पौर्णिमेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सोमवारी प्रतिपदा: एक पाऊणे पाऊण, पाऊण वाजता भरती. भाचीने मोबाइलवर कोष्टक काढलं आणि "आत्या, तुझी वेळ चुकतेय" म्हणाली. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला. एवढं इकडेतिकडे होणारच. चढत्या पाण्यात दीड-दोन तास आधी जाऊन बसायचं असतं, तिथे अर्ध्या तासाने काय होतंय? उधाणाच्या दिवसांत मात्र खाडीला ओढ फार. हलकं शिसं तळाला थांबत नाही, वाहत जातं. काकांचं जड शिसं तिथे कामी आलं.

तंगूस तर्जनीवर ठेवायचं. बाकी सगळं त्या एका बोटाला कळतं. काळुंदर नुसतं टोचून जाते. कुर्ली सावकाश ओढते, गरी दगडात अडकली असं वाटतं, आणि वर घ्यावी तर नुसती रिकामी गरी. शेंगटी आधाशी, एका घासात गिळते. तिला सोडवताना परावरच्या आणि पाठीवरच्या काट्यांना जपायचं, नाहीतर हात ठणकत बसतो. तांबोशी एकदाच झटका देते आणि कपारीकडे पळते. तेवढ्या क्षणात ओढली तर आपली.

मी ओढली. वीतभरच होती, पण तांबूस, तुकतुकीत, रागावलेली. भाची किंचाळली, नवऱ्याने फोटो काढला, मी ती मिरवत राहुटीकडे नेली. आईने मान वर करून बघितलं.

"सोमार आज. कोण खातलो?"

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी पाळतात. तात्याला यातलं काहीच मंजूर नव्हतं. मांजराला गोड कळत नाही म्हणतात, त्याच्या जिभेला ती चवच नाही, त्यामुळे नैवेद्याच्या खिरीनेही तो कधी बधला नाही. काकांची सोमवारची मासळी सगळी मांजरांची. आधी मनीची, मग तिच्या पिल्लांची, आणि काकांच्या शेवटच्या वर्षांत तात्याची. रविवारीसुद्धा डोकी, कल्ले, कालवणात घालायला लाज वाटेल एवढी बारीक मासळी, सगळ्याला घरात एक धनी होता. आई मासे चिरायला आडाळ्यावर बसली की तो हजर. यंदा ती डोकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कुठे टाकायची, यावर वहिनी आणि आईचा वाद होतो म्हणे.

तांबोशी मी परत पाण्यात सोडली. गरी ओठालाच होती, जगली असेल. आई काही बोलली नाही, मात्र संध्याकाळी शेजारच्या राहुटीतलं एक पांढरं मांजर आमच्या भातापाशी घुटमळलं तेव्हा तिने त्याला असं काही हाकललं, की त्याची मालकीण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे साखर मागायला आली नाही.

मंगळवारी पाण्याने साथ दिली. दोन शेंगट्या, एक पालू, आणि मुलाच्या गरीला माझ्यापेक्षा मोठी तांबोशी. त्यावर मी काही बोलणार नाही. तिरफळं घालून कालवण झालं.

बुधवारी सकाळी सगळे कौलाची वाट बघत बसले. कौल मिळाला तर घरी, नाहीतर मुक्काम वाढायचा. भाचीची परीक्षा शुक्रवारी, त्यामुळे वहिनीने तांदूळ सोडून सगळं बांधून ठेवलं होतं. मी पंचांग बघितलं. तृतीया, तीन पाऊणे सव्वादोन. देवाकडे उघड काही मागितलं नाही, पण उजाडतानाच नव्या सुंगटांची सोय करून ठेवली होती.

"आणि कौल झालो तर ह्यांचा काय करतलंस?" आईने वाट्याकडे बोट दाखवलं.

"आमटी."