देवाच्या प्रश्नांची वही : पाचव्या महिन्याची नोंद

जानेवारीत मी वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढण्याचे वेळापत्रक हाती घेतले होते. एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार. जूनअखेर स्तोत्रसंहितेपर्यंत पोहोचलो. मात्र आदल्या सकाळी काय वाचले तेच आठवेनासे झाले, तेव्हा वेळापत्रक मिटवून ठेवले. जुलैपासून दिवसाला आठ-दहा वचनेच वाचतो, आणि वाचनाला बसण्यापूर्वी देवाची हाक ऐकणाऱ्या बाळ शमुवेलाचे शब्द उच्चारतो : "बोल, तुझा दास ऐकत आहे."

शरणपूर रोडवरील आमच्या घरी पहाटे साडेपाचला, दूधवाला येण्याआधी, वही उघडतो. डाव्या पानावर उतारा हाताने उतरवायचा आणि उजव्या पानावर प्रभूला उत्तर लिहायचे. नुसते वाचताना डोळा ओळखीच्या वचनावरून घसरत जातो. लिहिताना मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावेच लागते. असे थांबता थांबता लक्षात आले की शास्त्रात देव किती तरी वेळा प्रश्न विचारतो. एदेन बागेत लपलेल्या आदामाला त्याची पहिली हाक "तू कोठे आहेस?" अशीच आहे.

या महिन्यात सर्वाधिक दिवस मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात गेले. जब्दीचे मुलगे याकोब व योहान हे शिष्य येशूकडे मागणे घेऊन येतात, तेव्हा तो त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे? पुढे पंधराच वचनांनी, यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयालाही तो जवळजवळ त्याच शब्दांत तेच विचारतो. शिष्यांना उजवीडावीकडची आसने हवी असतात. बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो आणि दृष्टी मागतो. हा उतारा मी कित्येकदा ऐकला होता, पण दोन्ही प्रश्न एकाच पानावर स्वतःच्या अक्षरात उतरेपर्यंत ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी उजव्या पानावर मी जे मागितले, ते दुसऱ्या दिवशी वाचले तेव्हा ते आसनच होते, हे मान्य करावे लागले. तिसऱ्या दिवशी मागणे बदलले. ही जाणीव मी पवित्र आत्म्याचे काम मानतो, कारण योहानाच्या चौदाव्या अध्यायात आत्मा शिकवील आणि आठवण करून देईल असे वचन आहे, आणि मला तर पूर्वी ऐकलेलेच नव्याने आठवले होते.

तरीही मनात उठणारा प्रत्येक विचार आत्म्याचा नसतो, हे ऑगस्टमध्ये चांगलेच कळले. बदलीच्या अर्जाच्या वेळी मी यिर्मया २९:११ हे आशेचे वचन स्वतःला लावून घेतले आणि बदली ठरल्यासारखेच वागू लागलो. अर्ज नामंजूर झाल्यावर अध्याय सुरुवातीपासून वाचला. ते वचन ज्या पत्रातले आहे, ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेले आहे; आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे, आणि त्याआधी घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. माझ्यासाठी तेथे उत्तर होते, पण ते आहे तेथेच राहण्याचे होते. तेव्हापासून आत्म्यांची परीक्षा करा हे १ योहान ४:१ मधील सांगणे मी नियम म्हणून पाळतो : मागचापुढचा संदर्भ वाचायचा, पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर शेजारी ठेवून ताडून पाहायचे, आणि मोठा निर्णय असल्यास पाळकांशी बोलायचे. आपल्यापैकी जे एकटेच वाचतात, त्यांनी यातले शेवटचे टाळू नये असे मला मनापासून वाटते.

सध्या १ राजे १९ उतरवीत आहे. होरेब डोंगरावर देव एलीया संदेष्ट्याला "तू येथे काय करीत आहेस?" असे विचारतो. वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर, मंद वाणीनंतर, पुन्हा तेच विचारतो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो. पहिल्या प्रश्नासमोर मी दीड पान लिहिले आहे. दुसऱ्या प्रश्नासमोरचे पान चार दिवस कोरे आहे. तेच उत्तर पुन्हा लिहायला हात धजत नाही, म्हणून उद्याही याच वचनापाशी बसणार आहे.