दाजीपूरचा मेळावा

आमच्या पेठेतल्या मंडळाचा गणपती सगळ्यांना माहीत आहे. पण आमचा जीव अडकलेला असतो तो जानेवारीतल्या मेळाव्यात. तो पेठेत भरत नाही. पहाटे कोल्हापुरात रंकाळ्यावर गाड्या जमतात, पातेली आणि भडंगाच्या पिशव्या चढतात आणि सगळी मंडळी दाजीपूरला निघते.

पहिला चहा राधानगरीत. तिथं धरणाकडं हात करून आमचे सर सुरू व्हायचे. धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी काढलं, गावाला नाव दिलं कन्या राधाबाईंचं आणि तलावाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचं. मुलांचं लक्ष भज्यांकडं. पण पुढं जंगलाची गोष्ट निघाली की भजीही थांबायची.

हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५८ साली इथं दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्र राज्य तेव्हा व्हायचं होतं, तरी आजच्या महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढून त्याचं राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीतही गेलं. मला मनापासून वाटतं, शिकारीसाठी का होईना, राखलं म्हणून ते रान उरलं. आणि जिथं राजाच्या परवानगीशिवाय पाऊल पडलं नसतं, तिथं आज आमच्या गल्लीतलं पोर तिकीट काढून जातं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका वर्षीचा गवा अजून डोळ्यांसमोर आहे. दाट राईतून गाडी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर आली आणि कडेलाच तो उभा. काळाभोर, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, गुडघ्याखाली पाय पांढरे. नाकपुड्यांतून वाफ निघताना दिसत होती. "हलू नगासा रं, बुजंल त्यो," वाटाड्या मामा पुटपुटले. मिरवणुकीत ज्यांचा आवाज आवरत नाही अशी आमची पोरं श्वास धरून बसली होती. मामांनी बोट दाखवलं तेव्हा कळलं, मागं झाडीत अख्खा कळप होता.

जेवण गावातल्या एका अंगणात. नाचणीची भाकरी, खर्डा, तांबडा-पांढरा. हात धुतले की त्याच सारवलेल्या अंगणात वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. पेठेत ज्यावरून रात्रभर वाद झाला असता, ते इथं दहा मिनिटांत मिटतं. ज्यानं त्यानं आपलं ताट-वाटी घरून आणायची आणि जंगलाच्या वाटेवर गाडीत गाणी लावायची नाहीत, हे दोन्ही ठराव इथलेच. ते आजवर कुणी मोडलेले नाहीत.

सर आता थकले आहेत, गाडीतून खाली उतरत नाहीत. धरणावरची माहिती सांगायचं काम दहावीतल्या एका मुलीनं मागून घेतलं आहे. ती छान सांगते. यंदा थेट १९५८ वर आली, तेव्हा खिडकीतून सरांचा आवाज आला, "अगं, विलीनीकरण राहिलं की!"