मालक आले की फाईल पळते

उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपचं (ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवणाऱ्या कारखान्याचं) प्रकरण आहे. नाव सांगत नाही, कारण मालक अजून गेलं की चहा पाजतात आणि तो मला चालू ठेवायचाय.

फोन आला तो असा, की शेअर फोल्डरमधली ड्रॉइंगं उघडायला मिनिट मिनिट लागतंय. म्हटलं रोज का? तर म्हणे नाही, कधी कधी. हे "कधी कधी" ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. कायमचं बंद पडलेलं सापडतं हो, पण अधनंमधनं होणारं दुखणं आपण समोर जाऊन बसलो की गप बसतंय आणि आपण गाडीला किक मारली की परत सुरू.

सेटअप काय फार मोठा नाही. खाली लाकडाचं काम, वर माळ्यावर ऑफिस, आठ पीसी, एक स्विच (सगळ्यांच्या नेटवर्कच्या वायरी जिथं एकत्र येतात ती पेटी), इंटरनेटवाल्यानं दिलेला राउटर, आणि ड्रॉइंगं ठेवायला एका पीसीवर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरच्या फायली विंडोजच्या पीसींना शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाकून मीच करून दिलेला सर्व्हर. म्हणजे बिघडलं तर बोट माझ्याकडंच.

पहिल्या दोन चकरांत मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. केबलची टोकं कापून परत क्रिम्प केली. स्विच उघडला तर आत भुसा, अगदी बोटानं उचलता येईल एवढा, मग काय, गुन्हेगार सापडला म्हणून नवा स्विच बसवला आणि बिलात लावला. टेस्ट म्हणून एक जीबीची फाईल सर्व्हरवरनं कॉपी करून बघितली तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास स्पीड, गिगाबिटच्या वायरीवर याच्यावर फार काही निघत नाही. खरं तर ही टेस्ट स्विच बदलायच्या आधी केली असती तर तेव्हाही हाच आकडा आला असता असं मला आता वाटतंय, पण तेव्हा भुसा बघून डोकं फिरलं होतं.

चार दिवसांनी परत फोन.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ड्राफ्टिंगला बसणारी ताई म्हणाली, "सर हसू नका, पण मालक ऑफिसात असले की फाईल लगेच उघडत्यात. मालक बाहेर गेले की परत तेच." शेजारचं पोरगं म्हणालं कॉम्प्युटर पण घाबरतंय की मालकाला. सगळे हसले, मी पण हसलो. ताई एकटी हसली नव्हती, तिनं आठवडाभर नीट लक्ष ठेवलं होतं.

तर वायरशार्क. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वायरीवरनं येणारंजाणारं एकूण एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पकडून वाचून दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. १९९८ पासून आहे, आधी नाव इथिरियल होतं, २००६ मध्ये नावाच्या ट्रेडमार्कच्या भानगडीमुळं वायरशार्क झालं. नवीन पोरं इथं एक चूक हमखास करतात, स्वतःचा लॅपटॉप स्विचला लावतात आणि कॅप्चर चालू करून बसतात, मग म्हणतात काहीच दिसंना. कसं दिसणार? स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो, तुमच्या पोर्टवर फक्त तुमचं आणि सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाका एवढंच येतं. एकतर मॅनेज्ड स्विचला (ज्याच्यात सेटिंग करता येतं असा स्विच) पोर्ट मिररिंग लावा, म्हणजे दुसऱ्याच्या पॅकेटांची नक्कल तुमच्या पोर्टवर येते, नाहीतर सरळ ज्या पीसीला त्रास आहे त्याच्यावरच कॅप्चर करा. मी ताईच्याच पीसीवर टाकलं. मालकांना आधी फोन करून विचारलं, कारण शेअरिंग एन्क्रिप्टेड नसलं तर कॅप्चरमधनं अख्खीच्या अख्खी फाईल बाहेर काढता येते, आणि ती ड्रॉइंगं त्यांच्या गिऱ्हाइकाची, आपली नव्हेत.

विंडोजचं फाईल शेअरिंग म्हणजे एसएमबी, ते चालतं टीसीपीच्या (मशिनींनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) ४४५ पोर्टवर, हा पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नव्हे, मशीनचं ४४५ नंबरचं दार समजा. म्हणून मी फिल्टर लावला ४४५ चा आणि ताईला म्हटलं उघडा फाईल. पॅकेटं धडाधड आली, ड्रॉइंगची फाईल सर्व्हरवरनं अर्ध्या सेकंदाच्या आत आली पण, आणि मग... काहीच नाही. पुढची वीस सेकंद शांतता. स्क्रीनवर कॅडचं (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) ते निळं गोल फिरतंय आणि वायरशार्क मुकाट. मग चार पॅकेटं, परत शांतता. मी सर्व्हरच्या उत्तराला किती वेळ लागतोय ते काढलं, वायरशार्कमध्ये एसएमबीसाठी सर्व्हिस रिस्पॉन्स टाईमचा तक्ताच मिळतो, सगळी उत्तरं मिलिसेकंदात. म्हणजे सर्व्हर निर्दोष, वायर निर्दोष, स्विच पण निर्दोष. जुना स्विच पण, असो.

(मध्येच एक सांगतो. लॉगिनच्या वेळी कॅप्चरमध्ये "मोअर प्रोसेसिंग रिक्वायर्ड" असा स्टेटस दिसतो आणि लोक त्याला एरर समजून दोन दोन तास गूगल करत बसतात. तो एरर नव्हे, सर्व्हर म्हणतोय ओळख अर्धी पटली, पुढचं सांग. खरी भांडणं म्हणजे "लॉगॉन फेल्युअर", "ॲक्सेस डिनाइड", "शेअरिंग व्हायोलेशन" असली.)

चहा आला. चहा पिता पिता लक्षात आलं की मी ४४५ ची खिडकी लावून बसलोय, म्हणजे जे ४४५ वरनं जात नाही ते मला दिसणारच नाही. फिल्टर काढला. परत फाईल उघडायला लावली. आणि त्या वीस सेकंदांच्या शांततेत काय चाललं होतं ते दिसलं, ताईचा पीसी सगळ्या ऑफिसला ओरडून विचारत होता, "१९२.१६८.१.१० कोण आहे? मला सांगा." परत, "१० कोण आहे?" परत. कोणी ओ देत नव्हतं.

हे एआरपी. एकाच नेटवर्कातल्या कुणाशी बोलायचं तर आयपी पत्ता (वरच्यासारखा, नेटवर्कात वाटून दिलेला नंबर) असून भागत नाही, त्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) लागतो, म्हणून आधी अशी हाळी मारायची. जो असेल तो उत्तर देतो, मगच खरं बोलणं सुरू. उत्तरच आलं नाही तर टीसीपीचं पहिलं पॅकेटसुद्धा वायरीवर पडत नाही, म्हणून ४४५ च्या फिल्टरमध्ये सगळं सुमसाम. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाका मारणारा माणूस मी घरात बसून दारावरच्या टकटकीत शोधत होतो.

पण दहा नंबर कोण? आमचा सर्व्हर पन्नास नंबर आहे, मीच दिलाय. ताईला विचारलं तिला माहीत नाही. आणि पॅकेट बघून हे कळत नाही की पीसीवरचं कुठलं सॉफ्टवेअर दहा नंबरला शोधतंय. इथं दुसरं हत्यार लागतं, प्रोसेस मॉनिटर, मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं, फुकट. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठली फाईल मागितली, काय निकाल लागला आणि किती वेळ लागला, सगळं ओळीओळीनं. पाथमध्ये दहा नंबर असलेल्याच ओळी ठेवल्या आणि लख्ख. कॅड स्वतः मागत होतं, दहा नंबरवरच्या ड्रॉइंग फोल्डरमधली टायटल ब्लॉकची (ड्रॉइंगवरचा नाव-नंबराचा रकाना) फाईल, मग लोगो, मग स्टँडर्ड पार्टची फाईल. निकाल "बॅड नेटवर्क पाथ", वेळ वीस सेकंदांच्या वर. एकामागनं एक असं करत झालं की मिनिट.

तर झालं होतं असं. कॅडच्या ड्रॉइंगमध्ये दुसरी ड्रॉइंगं जोडता येतात, एक्सरेफ म्हणतात, आणि जोडताना पूर्ण पत्ता सेव्ह झाला असला तर तो पत्ता त्या फाईलच्या पोटातच राहतो. मी डेटा नव्या सर्व्हरवर हलवला तेव्हा फायली आल्या, त्यांच्या पोटातले पत्ते जुनेच राहिले. जुना सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक खटारा पीसी, तो कोणी बंदच केला नव्हता, भीतीनं. त्यामुळं सगळं चालत होतं, कोणाला पत्ता नाही की अजून टायटल ब्लॉक त्या खटाऱ्यातनं येतंय. पावसाळ्यात कधीतरी त्याचा पॉवर सप्लाय गेला, आणि "त्यात काही नाही आता" म्हणून कोणी बघितलं पण नाही. टायटल ब्लॉक सापडत नाही अशी मेसेजची चौकट पण येत होती म्हणे स्क्रीनवर, सगळे ती न वाचता बंद करत होते.

इथपर्यंत कळलं. पण मालकांचं काय?

तेवढ्यात खाली बुलेटचा आवाज. मालक जिना चढून आले, केबिनमध्ये बसले. मी कॅप्चर चालूच ठेवलं होतं, ताईला म्हटलं उघडा परत. पीसीनं हाळी मारली "१० कोण आहे?" आणि या वेळी उत्तर आलं! माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. मेलेल्या सर्व्हरच्या पत्त्यावरनं कोणीतरी ओ देत होतं. पीसी लगेच ४४५ वर गेला, तिकडनं रिसेट, म्हणजे हे दार बंद आहे, जा. दोन-तीनदा विचारलं, दोन-तीनदा नाही ऐकलं, दोन-एक सेकंदात विषय संपला आणि फाईल उघडली.

मॅक पत्ता बघितला. एरवी वायरशार्क मॅकच्या सुरुवातीवरनं कंपनीचं नाव लिहितं, इथं नाव नव्हतं, आणि पत्त्यातलं दुसरं अक्षर असं होतं की तो बनवलेला पत्ता आहे हे कळतं. असले पत्ते हल्ली मोबाईल वापरतात, ओळख लपवायला. केबिनमध्ये गेलो, म्हटलं मालक जरा मोबाईल बघू. वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी: १९२.१६८.१.१०.

राउटरला कोण सांगणार की दहा नंबर मोकळा ठेव म्हणून. खटारा मेला, पत्ता रिकामा दिसला, राउटरनं तो मालकांच्या मोबाईलला देऊन टाकला. मालक ऑफिसात असले की दहा नंबरवर "नाही" म्हणणारं कोणीतरी असायचं, आणि लगेच मिळालेला नकार वाट बघण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मालक बाहेर गेले की तेवढं म्हणणारंही कोणी नाही, मग विंडोज वाट बघत बसणार. ताईचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं.

आता इलाज. सात-आठ वर्षांची ड्रॉइंगं, प्रत्येकीच्या पोटातला पत्ता बदलायचा तर दिवाळी येईल. म्हटलं आधी जुगाड करू, एकाच लिनक्स मशीनला दोन पत्ते देता येतात, पन्नास आहेच, दहा पण देतो, जुन्याच नावाचा शेअर तयार करतो, फायली आपोआप सापडतील. आणि उत्साहाच्या भरात दिला की दहा नंबर सर्व्हरला. मोबाईल अजून दहा नंबरवरच आहे हे विसरून. विंडोजनं तरी पत्ता घेताना बोंब मारली असती, लिनक्सवर हातानं पत्ता जोडला तर ते काही विचारत नाही. वायरशार्कमध्ये पिवळी ओळ, एकाच आयपीला दोन मॅक, आणि केबिनमधनं आवाज, "अरे व्हॉट्सॲप का अडकलं माझं? काय केलास?" आधी राउटरमध्ये जाऊन दहा नंबर वाटपातनं काढायला पाहिजे होता. काढला, मालकांच्या मोबाईलचं वायफाय बंद करून चालू केलं, त्याला दुसरा नंबर मिळाला, मग सगळं जागेवर आलं. फाईल दोन सेकंदांच्या आत, टायटल ब्लॉकसकट.

पक्का इलाज ताई करतीय, वेळ मिळेल तशी एकेक फोल्डर घेऊन पूर्ण पत्त्याच्या जागी रिलेटिव्ह पाथ (त्या ड्रॉइंगच्या जागेपासून मोजलेला पत्ता) टाकायचं. कॅडबरोबर रेफरन्स मॅनेजर येतो, त्यात एकगठ्ठा होतं, पण ती प्रत्येक फाईल एकदा उघडून बघते मगच पुढं जाते. बरोबर आहे तिचं.

जाता जाता, सांबाची गोष्ट मला या प्रकरणामुळं परत आठवली. १९९१ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी होता, त्याच्याकडं या शेअरिंगचं कसलं पुस्तक नाही की काही नाही, त्यानं वायरीवरची पॅकेटं बघून बघून मशिनी एकमेकांशी काय बोलतात ते ओळखलं आणि सर्व्हर लिहिला. नाव पण डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधून ठेवलं. त्यानं अख्खा प्रोटोकॉल कान लावून शिकला आणि मला एक हाळी ऐकू यायला तीन चकरा लागल्या.

बिल करताना स्विचचे पैसे मी आपणहून वजा केले. मालकांनी बिल बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "स्विचचं असू दे रे. पण माझ्या मोबाईलचं भाडं लाव की मग. इतके महिने तुझ्या सर्व्हरच्या नावानं नाही म्हणायला तोच राबत होता."