दोन केनं काय होतंय

मंगळवार, रात्री

"मॅडम, दोन केनं काय होतंय?"

सकाळपासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. बोलणाऱ्या परचेसवाल्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, चहाचा कप हातात धरून हसत हसत म्हणाले ते. खरं तर दोन नाही, २.९. बीओएममध्ये, म्हणजे बोर्डच्या पार्टांच्या यादीत, ४९.९ के (किलो-ओहम) चा रेझिस्टर होता, रीळ संपलं होतं, ४७ के पडून होता, लावून टाकला. अख्ख्या लॉटला. "जवळचाच आहे की."

मी सहज म्हणून नव्या लॉटमधला एक बोर्ड बेंचवर घेतला होता. सोलरवर चार्ज होणाऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून बागेतल्या कॅमेऱ्याला आणि राऊटरला पाच व्होल्ट देणारा. सप्लायचा नॉब सावकाश वर नेत होते. १२.४ व्होल्ट, १२.५. साधारण इथे हिरवा एलईडी लागायला हवा. १२.६ ला काही नाही. १२.८ ला नाही. तेराच्या पुढे गेल्यावर मी मल्टिमीटर लावून बघितलं, सप्लायच खोटं दाखवतोय की काय. शेवटी १३.३ च्या जरा अलीकडे बाईसाहेब जाग्या झाल्या.

बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून निवांत पडलेली असते तेव्हा १२.७ च्या आसपास असते. म्हणजे भरलेल्या बॅटरीवरही हा बोर्ड चालू होणार नाही. ऊन पडून पॅनेल चार्जिंगला लागेल तेव्हाच. बंद व्हायचा व्होल्टेजही ११.१ वरून ११.९ वर जाऊन बसलाय, म्हणजे रात्री लवकर झोपणार आणि बागेतला कॅमेरा सकाळपर्यंत आंधळा. आणि टेस्टिंगला सगळे बोर्ड पास! कारण टेस्टिंगचा सप्लाय १३.८ ला फिक्स आहे, तिथून तो कोणी हलवतच नाही.

हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं, बदलू." झालं. वाद नाही, आवाज नाही. मग मला एवढं का लागावं?

बहुतेक "किरकिऱ्या आहेत हो मॅडम" हे पाठ फिरल्यावर ऐकू आलं म्हणून. की मी ऐकलं असं मलाच वाटलं? आई पण हेच म्हणते, वेगळ्या कारणावरून. ते असू दे.

मला सांगायचंय ते एवढंच की बॅटरीचा व्होल्टेज विभागून आयसीला देणारे ते दोन रेझिस्टर (वरचा ४७० के, खालचा ४९.९ के) मी हवेतून काढलेले नाहीत. या आयसीच्या एनेबल पिनला, म्हणजे चालू-बंद ठरवणाऱ्या पिनला, १.२५ व्होल्ट मिळाले की तो चालू होतो. पिनमधून मुळात १ मायक्रोअँपिअर बाहेर येत असतो, चालू झाल्यावर आणखी ३ येतात. ते तीन वरच्या ४७० केमधून जातात आणि चालू-बंदमध्ये १.४ व्होल्टचं अंतर पडतं. अंतर ठरवतो वरचा रेझिस्टर, आणि ते अंतर कुठे बसवायचं ते ठरवतो खालचा. बदलला गेला तो खालचा.

आणि १.४ च का? कारण बॅटरीपासून बोर्डपर्यंत दहा मीटर वायर आहे, अर्धा स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन ०.७ ओहम. पाच व्होल्टला दोन अँपिअर द्यायचे म्हणजे आत अकरा वॉट लागतात, बॅटरी उतरली की त्यासाठी जवळजवळ एक अँपिअर, आणि वायरमध्येच ०.६५ व्होल्ट खलास. स्विचिंग कन्व्हर्टरचा (बाराचे पाच व्होल्ट करणाऱ्या या सर्किटचा) स्वभावच असा की व्होल्टेज पडायला लागला की तो जास्त करंट ओढतो. घरात पैसे कमी पडायला लागले की जास्त खर्च करणाऱ्या माणसासारखा. (आमच्याकडे आहे असा एक. तो विषय आज नको.) बोर्ड बंद झाला की वायरमधला ड्रॉप जातो, बॅटरीही थोडी सावरते, व्होल्टेज वर येतो. अंतर कमी असेल तर तो लगेच चालू, लगेच बंद, परत चालू. राऊटर बूट होतोय न होतोय तोवर मेला. रात्रभर हाच खेळ.

मग वाटतं, इतका विचार केलेली गोष्ट कुणाला दिसतच नसेल तर करायची कशाला? बीओएममधली एक ओळ. नीट चालली तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि बदलली तरी नाही. रिव्ह्यूला सरांनीही त्या दोन रेझिस्टरांवर नजर टाकून नुसतं पान उलटलं होतं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ रिपेअरिंग करणारे काका आठवले. त्यांना अडतीस बेचाळीस आणि अडतीस त्रेचाळीस या पॉवर सप्लायच्या आयसींतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. ३८४२ सोळा व्होल्टला उठतो, दहाला झोपतो. ३८४३ आठ पॉइंट चारला उठतो, सात पॉइंट सहाला झोपतो. बारा व्होल्टच्या सर्किटमध्ये त्रेचाळीसच्या जागी बेचाळीस बसवला तर जन्मात चालू होणार नाही, सोळा येणार कुठून? तिथे कोणी म्हणत नाही, "काका, एकानं काय होतंय?" कारण तो आकडा आयसीच्या पाठीवर छापलेला असतो. माझा आकडा दोन रेझिस्टरांच्या भागाकारात.

आयसीचा १.२५ सुद्धा थोडा इकडेतिकडे असतोच म्हणा. ते परचेसवाल्यांना माहीत नाही हे माझं नशीब, नाहीतर तेही ऐकवलं असतं. पण तो हलतो म्हणूनच माझ्या हातातलं तरी नेमकं असायला नको का? हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मला चांगली उत्तरं कायम रात्री जेवणानंतर सुचतात.

असो. संध्याकाळी परत हिशोब मांडला तर ५१ केनंही काम होतंय: १२.३ ला चालू, १०.९ ला बंद. पर्याय म्हणून तो बीओएममध्ये टाकला आणि स्टोअरला फोन केला. म्हणाले, "५१ ना? भरपूर आहे मॅडम, कोणी वापरतच नाही."

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. मग टेस्टिंगच्या शीटवर १३.८ च्या वर दोन ओळी वाढवल्या: १२.६ ला चालू झालाच पाहिजे, १०.५ ला बंद झालाच पाहिजे. आता प्रत्येक बोर्डला नॉब फिरवायचा म्हणजे टेस्टिंगची मुलं उद्या वैतागणार. मॅडम किरकिऱ्या आहेत, यावर शीटचाच शिक्का बसला.