आमची वाटचाल : ड्रॉइंगवरची सही आणि तिचा विमा

२००८ साली नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही दोघा भागीदारांनी स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस उघडलं. आधी बंगले, रो हाउस, मग पाच-सात मजली इमारती, अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे शेड. तेव्हा विमा म्हणजे गाडीचा आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा.

२०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दाखवला गेला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असं कलम १४ सांगतं. हे ओझं करारातून आमच्याकडे सरकणार, हे दिसतच होतं. त्यातच एका कारखान्याच्या टेंडरमध्ये प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसीची, म्हणजे आपल्या व्यावसायिक चुकीने कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणाऱ्या विम्याची, अट आली. पहिली पॉलिसी आम्ही घेतली ती, खरं सांगायचं तर, ते काम मिळावं म्हणून.

कागद वाचायला घेतले तेव्हा कळलं, हिचा हिशोब गाडीच्या विम्यापेक्षा वेगळा आहे. तिथे अपघाताच्या दिवशी विमा होता का, एवढं पाहतात. इथे दावा कधी आला ते पाहतात. स्लॅबचं डिझाइन २०१८ चं आणि नोटीस २०२३ ची असेल, तर पॉलिसी २०२३ ला चालू हवी. शिवाय काम ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’नंतरचं, म्हणजे ज्या तारखेपासूनची कामं पॉलिसीत धरली जातात तिच्यानंतरचं, हवं. मध्ये खंड पडला की ती तारीख पुढे जाऊ शकते, आणि मागची सगळी कामं उघडी पडतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये साइट बंद, वसुली ठप्प. ‘या वर्षी राहू दे,’ असं भागीदार म्हणाले. प्रीमियम, त्यावर अठरा टक्के जीएसटी; त्यांचंही बरोबरच होतं. बरीच वादावादी होऊन शेवटी भरला.

पुढे एका सोसायटीने पार्किंगच्या स्लॅबला तडे गेले म्हणून बिल्डरसोबत आम्हालाही नोटीस पाठवली. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवलं. वकील नेमायलाही त्यांची आधी संमती लागते. आणि तोंडून काही कबूल करायचं नाही! आमच्या धंद्यात ‘बघू साहेब, करून देऊ’ हे सवयीने निघतं. तेवढं आवरताना जीव मेटाकुटीला आला. कोअर टेस्टमध्ये, म्हणजे स्लॅबमधून नमुना कापून काढून केलेल्या तपासणीत, काँक्रीटच कमी ताकदीचं निघालं, डिझाइनवरचा आक्षेप गळाला. वकील आणि तज्ज्ञांचा खर्च आमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा जाऊन मिळाला.

आता करार आला की आधी भरपाईचं कलम पाहतो. ‘कोणत्याही कारणाने झालेलं नुकसान कन्सल्टंट भरून देईल’ असं असेल तर खोडायला सांगतो, कारण कायद्याने येते त्याहून जास्त जबाबदारी आपण करारात ओढवून घेतली, तर ती पॉलिसीत बसत नाही. काही कामं त्यापायी गेली. जाऊ देत.

भागीदार लवकरच निवृत्त होताहेत. त्यांनी सही केलेल्या कामांवर दावा नंतरही येऊ शकतो, म्हणून माजी भागीदारांचा समावेश पॉलिसीत लेखी करून घेण्याची बोलणी सध्या सुरू आहेत.