सिरम की नारळाचा रस?

मालवणात लॅब टेक्निशियन आहे मी, रोज सकाळी पन्नासेक सॅम्पल, त्यामुळे रक्त बघून दचकायचे दिवस कधीच गेले. पण त्या जूनमध्ये, मासेमारी बंद झाली तेव्हा, एक तांडेल (बोटीचे कप्तान) आले. वय ५४, साखर ९ वर्षांची. डॉक्टरांनी लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) पण लिहिलेलं, तर म्हणे, "ता कित्याक गो, गेल्या वर्षी बरा होता, फुकट पैसे." खरंच जुन्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०४, म्हणून गोळ्या यांनी आपल्या आपण सोडलेल्या. मी ऐकलं नाही, लिपिडसाठी लाल टोपीची ट्यूब पण भरली.

रक्त गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज थांबलं नि ट्यूब काढली तर वर सिरम (पेशी खाली बसल्या की वर उरतं ते पाणी) पिवळसर नाहीच, सोलकढीला काढतो ना नारळाचा पहिला रस, तस्सं! मागे ते उभेच होते. "दूद घातलंस की काय गो ह्येच्यात?"

काही खाऊन आलात का विचारलं तर रात्री आठनंतर पाणी सोडून काहीच नाही. उपाशी साखर २८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) ११४० (१५० च्या आत हवं), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) २९, आणि एलडीएलचा रकाना रिकामा, कारण आमच्याकडे एलडीएल फॉर्म्युल्याने काढतात नि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो फॉर्म्युला चालत नाही.

खाली डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, इन्सुलिनचा जोर चालेना की चरबीच्या साठ्यावरचा लगाम सुटतो, सगळी चरबी लिव्हरकडे, लिव्हर तिचं ट्रायग्लिसराइड करून परत रक्तात ढकलतं. एचडीएल उतरतं, एलडीएलचे कण बारीक नि घट्ट होतात, मग आकडा १०४ दिसला तरी धमन्यांना त्रास व्हायचा तो होतोच. (हे मला तरी कोर्सला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.)

"त्यांना सोडू नको, ईसीजी काढू."

काका वैतागले. "घाटी चढताना दम लागता, पण छातीत कधी दुखूक नाय माझ्या."

ईसीजीत जुन्या अटॅकची खूण निघाली. कधी येऊन गेला त्यांना पत्ताच नाही, साखरेने नसा बधिर झालेल्या, दुखणार कुठून? त्याच दुपारी मुलाबरोबर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेले.

जुलैअखेर, बोटी पाण्यात ढकलायच्या गडबडीत, परत आले. इन्सुलिन सुरू, वजन उतरलेलं. रक्त देऊन घरी जाईनात, सेंट्रीफ्यूजपाशीच खुर्ची ओढून बसले.

"दाखव बघया, आज दूद की पाणी?"

ट्यूब उजेडात धरली. अजून जरा गढूळच, पण पिवळी. ट्रायग्लिसराइड ३१०.